साधा वेश

एक गोष्ट बरेच दिवस मनात साचली आहे, ती आज बोलूनच टाकते. सिनेमातल्या गुप्तहेरांचे कपडे. हो, कपडेच. हसू नका. घरातल्या मंडळींना हे प्रवचन जेवताना तुकड्यातुकड्यांत ऐकवून झालंय. आता टीव्हीवर कोणी कॉलर वर करून आलं की मी तोंड उघडायच्या आतच "कळलं गं, कळलं" असा कोरस सुरू होतो. म्हणून एकदाच सलग लिहिते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

सिनेमातला गुप्तहेर जसा दिसतो तसा दिसणारा माणूस खऱ्या कामावर एक दिवस टिकणार नाही, हे कोणीही सांगेल. तेवढंच असतं तर मी पोस्ट लिहिली नसती, गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण वर्षानुवर्षं तेच ते बघून आपल्या डोक्यात एक खुळचट समजूत पक्की बसली आहे. ती म्हणजे, कपड्यांवरून माणूस ओळखता येतो. तपास करणारा असा दिसतो, गुन्हेगार तसा दिसतो, बडा अधिकारी आणखी कसा तरी दिसतो. ही समजूत निरुपद्रवी नाही. तिच्यापायी लोकांचे पैसे गेलेत आणि माणसं मेली आहेत. त्याच्याकडे येतेच. आधी सिनेमा.

आपल्या हिंदी सिनेमातले हेर आठवून बघा. 'फर्ज'मधला (१९६७) जीतेंद्र, एजंट ११६. पांढरेशुभ्र बूट घालून नाचतो आणि वर म्हणे गुप्त मोहिमेवर आहे. 'सुरक्षा'मधला (१९७९) मिथुन, गनमास्टर जी-नाइन. त्याच्याकडे बघितलं की मोहिमेवरून थेट डिस्कोत जायचंय हे आंधळ्यालाही कळावं. मग आपण म्हणालो, जाऊ दे, तो काळच तसा होता. पण २०१२ मध्ये 'एक था टायगर' आला, त्यात रॉचा माणूस गळ्यात असा स्कार्फ घालतो की महिन्याभरात तो तुळशीबागेत आणि लिंकिंग रोडवर विकायला आला असावा. २०२३ मध्ये 'पठाण' आला. त्यात तर कपड्यांचा प्रश्नच निम्मा निकालात काढलाय, कारण बराच वेळ शर्टच नाही! मानेपर्यंत रुळणारे केस, उघडी छाती, आणि याला म्हणे कोणी ओळखू नये. अहो, मी पानाच्या टपरीवर असले केस बघितले तर आठवडाभर विसरणार नाही.

आणि आपली लाडकी 'सीआयडी'. १९९८ पासून वीस वर्षं अखंड चालली, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. शिवाजी साटम हा आपल्या घरातला माणूस, त्यांच्या अभिनयाबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण मंडळी, मे महिन्यातली मुंबई. घामानं शर्ट पाठीला चिकटलाय, लोकलमध्ये माणसं उकडून निघतायत, आणि ही टीम जाकिटं, ब्लेझर घालून प्रेताभोवती उभी! (खऱ्या महाराष्ट्र सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, तिथली हवा जरा बरी असते, एवढीच काय ती सबब.)

आता खऱ्याकडे येऊ. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. पोलिसात होते, बरीच वर्षं गुन्हे शाखेत काढली, हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. त्यांना मी मागे सरळच विचारलं, "काका, तुम्ही कामावर कधी कोट घातलात का हो?"

"घातला ना. एकदा. माझ्या लग्नात."

मग ते सांगायला लागले आणि मी ऐकत बसले. म्हणाले, "अगं, पोलीस कपड्यांत नाही सापडत, बुटांत सापडतो. शर्ट बदलतो, पँट बदलतो, आणि पायात तेच तपकिरी चामडी बूट. पाकीटमारसुद्धा आधी खाली बघतो." दुसरं म्हणजे केस. मानेवर तासून कापलेले केस लांबून ओळखू येतात. तिसरं उभं राहणं. परेडची सवय लागलेला माणूस पाय फाकवून, हात मागे बांधून उभा राहतो, आणि त्याचं त्याला कळतही नाही. काका स्वतः काय घालायचे? धुऊन धुऊन रंग गेलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, न खोचता. पायात कॅनव्हासचे बूट, कारण चप्पल घालून धावता येत नाही. आणि हातात पिशवी. या पिशवीवर त्यांचा फार भर होता. "रिकाम्या हातानं उभा असलेला माणूस लोकांच्या लक्षात राहतो गं. पिशवीवाला नाही राहत. त्याला काहीतरी काम आहे असं वाटतं. वर कोथिंबीर दिसायला हवी." बघा! कुठल्या दिग्दर्शकाला सुचली आहे ही कोथिंबीर?

आपली वर्तमानपत्रं हे कित्येक वर्षं छापतायत, 'साध्या वेशातील पोलिसांनी सापळा रचून...' साधा वेश! दोन शब्दांत सगळं शास्त्र आहे. वेशांतर नाही, बहुरूप्याचं सोंग नाही, साधा वेश. तो कुठे जायचंय त्यावर ठरतो. दादरच्या फुलबाजारात साधा असलेला वेश कुलाब्याच्या पंचतारांकित हॉटेलात साधा राहत नाही.

आणि हे काही आपल्याकडचं हवालदारी ज्ञान नाही, सातासमुद्रापार तेच सांगतात. जोना मेंडेझ नावाच्या बाई सीआयएच्या वेशांतर विभागाच्या प्रमुख होत्या. मुखवटा घालून त्या थेट थोरल्या बुशसाहेबांसमोर जाऊन बसल्या आणि तिथे तो काढून दाखवला, इतक्या तयारीच्या. त्या निवृत्तीनंतर जाहीरपणे सांगत आल्यात, की मुखवटे राहू द्या, आधी चाल आणि उभं राहणं बदला. अमेरिकन माणूस एका पायावर भार टाकून उभा राहतो, युरोपातला दोन्ही पायांवर. चाल बदलायची तर बुटात एक खडा टाका. म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका आणि सीआयएच्या मॅडम एकच गोष्ट सांगतायत. दोघांची भेट घालून द्यायला हवी होती.

आता कोणी म्हणेल की सिनेमातले ते कोट, त्या टोप्या आल्या कुठून? काहीतरी आधार असेलच ना? आहे. आणि तो शोधायला गेलं की जास्तच राग येतो.

शेरलॉक होम्सची ती दोन बाजूंना कानपट्ट्या असलेली टोपी घ्या. कॉनन डॉयलनं तिचं ते प्रसिद्ध नाव कथांत कुठेही लिहिलेलं नाही. सिडनी पॅजेट या चित्रकारानं १८९१ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात एका कथेसाठी ती काढली, आणि ती कथा होती होम्सच्या रेल्वेप्रवासाची, गावाकडच्या तपासाची. इंग्लंडात गावाकडे जाताना लोक तसली टोपी घालत. लंडनमध्ये असताना पॅजेटचाच होम्स चारचौघांसारखा उंच काळी हॅट आणि लांब कोट घालतो. म्हणजे चित्रकाराला अक्कल होती! पुढे विल्यम जिलेट या अमेरिकन नटानं १८९९ पासून होम्सचं नाटक केलं, बाकदार पाइप आणला, ती टोपी रंगभूमीवर मिरवली. आणि मग सिनेमानं ती लंडनच्या भर रस्त्यात होम्सच्या डोक्यावर कायमची बसवली. मूळ कथांत मात्र तोच होम्स कधी बेकार मोतद्दार होतो, कधी साधाभोळा पाद्री, कधी जुनी पुस्तकं विकणारा म्हातारा. वॉटसनलाही ओळखू येत नाही. डॉयलला जे कळलं होतं ते आपण टोपीखाली झाकून टाकलं.

तीच गत त्या पट्टेवाल्या लांब रेनकोटाची. पहिल्या महायुद्धात खंदकांत लढणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी तो कोट बनला, म्हणून नाव 'ट्रेंच कोट'. युद्ध संपलं, कोट साध्या लोकांत आला. हम्फ्री बोगार्ट १९४० च्या दशकात खासगी डिटेक्टिव्ह झाला तेव्हा पावसाळी, धुकट अमेरिकन शहरांत तो अनेक पुरुषांच्या अंगावर असे. म्हणजे त्या वेळी तो साधा वेशच होता! आपण काय केलं, तर तो उचलून गणवेश केला. आता डोंबिवलीच्या नाटकातही डिटेक्टिव्ह आला की तो कोट आलाच, बाहेर पाऊस असो वा नसो.

बाँडच्या काळ्या सूटचीही हीच कथा. इयान फ्लेमिंगला आपल्या नायकासाठी मुद्दाम साधं, नीरस नाव हवं होतं, म्हणून त्यानं पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका जेम्स बाँडचं नाव उचललं. नाव नीरस हवं! आणि सिनेमावाल्यांनी त्याला काय नेसवलं ते आपण १९६२ पासून बघतोय. 'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) तो पाण्यातून येतो, रबरी सूट काढतो आणि आत कडक इस्त्रीचा पांढरा डिनर जॅकेट. थेटरात टाळ्या.

पण थांबा, हे खरं घडलेलं आहे. पेटर ताझेलार नावाचा डच हेर नोव्हेंबर १९४१ मध्ये इंग्लंडहून बोटीनं नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये उतरला, स्खेव्हेनिंगनच्या किनाऱ्यावर. अंगावर पाणी न शिरणारा सूट आणि त्याच्या आत पार्टीचा डिनर सूट. का? कारण किनाऱ्यालगतच्या पॅलेस हॉटेलात पार्ट्या रंगत असत. रात्री त्या किनाऱ्यावर साध्या कपड्यांतला माणूस दिसला असता तर जर्मन पहारेकऱ्यांनी धरला असता, पार्टीतून झिंगत बाहेर पडलेला दिसला तर कोण विचारतो? त्याच्या अंगावर ब्रँडीही शिंपडली होती, वासासाठी. म्हणजे बाँडला जो सूट चमकण्यासाठी घातला, तो ताझेलारनं न चमकण्यासाठी घातला होता. कपडा तोच, अर्थ बरोब्बर उलटा.

याच युद्धात ब्रिटनची एसओई ही संस्था हेरांना फ्रान्समध्ये पाठवी तेव्हा त्यांचे कपडे फ्रेंच पद्धतीनं शिवून घेई. कॉलरचा कट, शिंप्याचं लेबल, बटणाचा दोरा कसा ओवलाय इथपर्यंत. नवे दिसू नयेत म्हणून ते मुद्दाम जुने केले जात. आपण 'फॅशन' म्हणतो तिथे त्यांच्यासाठी तो जिवाचा प्रश्न होता. चुकीचं ओवलेलं बटण म्हणजे गेस्टापो.

आणखी अलीकडचं बघा. जानेवारी २०१० मध्ये दुबईत हमासच्या महमूद अल-मबहूह याची हॉटेलच्या खोलीत हत्या झाली. दुबई पोलिसांनी मोसादवर ठपका ठेवला आणि हॉटेलचं सीसीटीव्ही चित्रण जगाला दाखवलं. त्यात त्याच्या मागोमाग खोलीपर्यंत कोण जातं? टेनिसच्या कपड्यांतली, हातात रॅकेट घेतलेली दोन जाडगेली माणसं. बस्स. पंचतारांकित हॉटेलात यापेक्षा सामान्य दृश्य कोणतं? मार्च २०१८ मध्ये इंग्लंडात सॉल्सबरीला विषप्रयोग झाला, त्यात ब्रिटिश पोलिसांनी ज्या दोघांवर आरोप ठेवले ते कॅमेऱ्यात कसे दिसतात? जाकीट, पाठीवर सॅक, आपल्याकडे महाबळेश्वरला येतात तसे पर्यटक. रशियन टीव्हीवर येऊन त्यांनी सांगितलंसुद्धा की आम्ही कॅथेड्रलचा १२३ मीटरचा मनोरा बघायला गेलो होतो.

उलट २०१३ मध्ये मॉस्कोत अमेरिकन दूतावासातला रायन फोगल पकडला गेला, तो कसा? सोनेरी केसांचा विग आणि त्यावर टोपी. सामानात आणखी एक विग आणि एक होकायंत्र. सगळं जग हसलं. म्हणजे खरा माणूस सिनेमासारखा दिसायला गेला, त्याचा हा फोटो.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मेलिटा नॉरवूड. लंडनच्या उपनगरातल्या ८७ वर्षांच्या आजीबाई. १९९९ मध्ये उघड झालं की या बाईंनी सुमारे चाळीस वर्षं सोव्हिएत रशियाला गुपितं पुरवली, अणुबाँबच्या संशोधनातलीसुद्धा. काम कुठलं, तर धातुसंशोधन संस्थेत सेक्रेटरी. बातमी फुटल्यावर पत्रकारांपुढे बाई आल्या त्या घराच्या बागेत, आजीच्या साध्या घरगुती कपड्यांत. आता करा यावर सिनेमा आणि द्या सलमानला रोल.

आपल्याकडची उदाहरणं तर अभिमानानं सांगावी अशी आहेत. ६ एप्रिल १९८६, गोव्यात पर्वरीचं 'ओ कोकेरो' रेस्टॉरंट. चार्ल्स शोभराज तिहार तुरुंगातून पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारून तीन आठवड्यांपूर्वी पळालेला. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे आणि त्यांचे सहकारी तिथे गिऱ्हाईक बनून त्याची वाट बघत बसले होते. शोभराज हा आयुष्यभर झकपक राहिलेला, रत्नांचा व्यापारी म्हणून मिरवलेला, दुसऱ्यांचे पासपोर्ट वापरून देशोदेशी हिंडलेला माणूस. म्हणजे या प्रकरणात सिनेमातल्या गुप्तहेरासारखा जो कोणी होता, तो गुन्हेगार होता! आणि त्याला धरणारे झेंडे, त्यांनी तर त्याला १९७१ मध्येही एकदा पकडलं होतं. चिन्मय मांडलेकरनं २०२५ मध्ये त्यांच्यावर 'इन्स्पेक्टर झेंडे' काढला, मनोज वाजपेयीनं काम केलं. एका तरी पोलिसाला पोलिसासारखं राहू दिलं, याबद्दल आभार.

मुंबईच्या खासगी डिटेक्टिव्ह रजनी पंडित यांनी मुलाखतींत सांगितलेली गोष्ट माहीत असेल. एका खुनाच्या तपासासाठी संशयित बाईच्या घरी त्या सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या. सहा महिने भांडी घासली! कारण घरात कोणीही आलं तरी भांडी घासणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, तिच्यासमोर लोक वाटेल ते बोलतात. (यात आपल्या सगळ्यांच्या घरांबद्दल काय कळतं, ते ज्यानं त्यानं बघावं.)

आणि हे शहाणपण आपल्याकडे काल-परवा आलेलं नाही. कौटिल्यानं अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार दिलेत ते वाचा. विद्यार्थी, विरक्त, गृहस्थ, व्यापारी, तापस, भिक्षुकी. एकही उठून दिसणारा नाही. सगळे रोज दारावरून जाणारे. शिवरायांच्या बहिर्जी नाईकांच्या ज्या दंतकथा आपण लहानपणी ऐकल्या त्यातही ते कधी फकीर, कधी वासुदेव. १८६६ मध्ये ल्हासाला पोचलेला नैनसिंग रावत हा कुमाऊंचा शाळामास्तर, ब्रिटिशांच्या सर्वे खात्यानं पाठवलेला, यात्रेकरूच्या वेशात चालत गेला. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची, पावलं मोजायला. मोजमापांचे कागद प्रार्थनाचक्रात. जप करणाऱ्या माणसाला कोण अडवतो? ज्या देशाला हे सगळं ठाऊक होतं, त्या देशानं हेर म्हणून उघड्या छातीचा पठाण बघून शिट्ट्या माराव्यात?

आता नेहमीचा आक्षेप. "अगं, सिनेमा आहे तो! कोथिंबीरवाला हिरो बघायला तीनशे रुपये कोण देईल?" माझ्या मावसभावानं हे मला इतक्या वेळा ऐकवलंय की त्यानं ते कपाळावर गोंदवून घ्यावं.

तर बाबा रे, ऐक. लोकांनी दिलेत पैसे. 'कहानी' (२०१२) कोणी बघितला? एक गरोदर बाई कलकत्त्यात नवरा शोधत हिंडते, आणि त्यातला तो बॉब बिस्वास, ढेरपोट्या, विम्याच्या ऑफिसात साहेबाची बोलणी खाणारा मारेकरी. आजही तो आठवला की अंगावर काटा येतो, कारण तसा माणूस आपल्या बँकेत पुढच्या खिडकीवर बसलेला असतो. 'राझी' (२०१८) घे. त्यातल्या मुलीचा सगळा वेश म्हणजे नव्या नवरीचे कपडे. दूरदर्शनवर १९९३ मध्ये बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' होता, रजित कपूर धोतर नेसून तपास करायचा आणि रस्ते ओस पडायचे. 'करमचंद'चा (१९८५) काळा गॉगल आणि गाजरं होती खरी, पण ती थट्टा होती आणि आपल्याला थट्टा म्हणूनच कळत होती. बाहेर बघायचं तर जॉन ल कारेचा स्मायली आहे, बुटका, जाडा, कपडे महागडे पण अंगाला न बसणारे. ल कारे स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरी केलेला माणूस. ज्याला आतलं माहीत होतं त्यानं आपल्या हेराला असे कपडे दिले!

तेव्हा 'लोकांना तेच हवं असतं' हे खरं नाही. ते सोपं असतं. कोट घातला की अभिनय करावा लागत नाही, लेखकाला डोकं चालवावं लागत नाही. गॉगल चढवला, संगीत वाजलं, झाला हेर. माझा राग या आळशीपणावर आहे.

पण खरा राग पुढचा आहे, आणि इथे गंमत संपते.

सिनेमा आपल्याला पन्नास-साठ वर्षं शिकवतोय की अधिकार कपड्यांत दिसतो. १९ मार्च १९८७ ला मुंबईत ऑपेरा हाऊसच्या एका मोठ्या सराफी पेढीवर सीबीआयची 'धाड' पडली. खोटी. एका माणसानं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन दोन डझनांहून जास्त तरुण 'भरती' केले, ओळखपत्रं वाटली, धाड घातली, दागिने घेतले आणि गायब झाला. त्यावर 'स्पेशल २६' (२०१३) निघाला. आपण बघितला, हसलो, घरी गेलो. आणि आता? 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे खाकी गणवेश, खांद्यावर तारे, मागे झेंडा, भिंतीवर फलक, टेबलावर फायली. अगदी सिनेमातल्यासारखं, कारण ते सिनेमा बघूनच सजवलेलं असतं. आणि शिकलेली, नोकऱ्या केलेली, आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेली माणसं दिवसदिवस कॅमेऱ्यासमोर 'अटकेत' बसून पैसे पाठवतात. २०२४ मध्ये पंजाबातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांना असेच सात कोटींना फसवलं, त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली होती! या लोकांना मूर्ख म्हणू नका. त्यांनी तेच केलं जे आपल्या सगळ्यांना शिकवलंय. कपडे बघितले आणि विश्वास ठेवला.

ही एक बाजू. दुसरी बाजू लिहिताना हात जड होतो. अधिकार कपड्यांत दिसतो, तसा धोकाही कपड्यांत दिसतो असं आपण मानतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, पिढ्यानुपिढ्या जे करत आले ते करत गावोगाव भिक्षा मागत फिरत होते. मोबाइलवर अफवा फिरत होती की मुलं पळवणारी टोळी आलीय. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण मेले. १६ एप्रिल २०२० ला पालघरमध्ये गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवांनी पेटलेल्या जमावानं दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारलं, पोलिसांच्या देखत.

हे सिनेमामुळे झालं असं मी म्हणत नाही. अफवा, भीती, पोलीस कमी पडणं, सगळं आहे त्यात. पण भिक्षेकऱ्याच्या वेशात कोणीतरी भलताच लपलेला असतो, झोळीत काहीतरी असतं, दाढी ओढली की खोटी निघते, हे चित्र आपल्या डोक्यात कोणी भरलं? किती सिनेमांत साधू हा साधू नसतो, भिकारी हा भिकारी नसतो? जो खरा वेश पालटून येतो तो टेनिसची रॅकेट घेऊन येतो, लक्षातही न येता जातो. आणि जो जन्मभर एकच वेश घालत आला, ज्याच्याकडे दुसरा कपडाच नाही, त्याला आपण 'वेशांतर' म्हणून मारतो.

म्हणून मला सिनेमातला तो कोट सहन होत नाही. मी काही बंदी घाला म्हणत नाही. पण लेखक-दिग्दर्शकांनो, एकदा तरी एखाद्या निवृत्त हवालदाराकडे जाऊन बसा हो. चहा पाजतील.

आणि आपल्या घरच्यांसाठी दोन वाक्यं, विशेषतः आत्या, काका, नाशिकच्या मावशी, जे हे वाचतात हे मला माहीत आहे. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, कोर्ट, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. समोर कितीही तारे लावलेला माणूस दिसला तरी फोन ठेवा, घरच्या कोणाला तरी लगेच सांगा, आणि पैसे गेले असतील तर न लाजता ताबडतोब १९३० वर फोन करा. लवकर केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

असो. बरंच लिहिलं. कोथिंबीरवाल्या हेरांचे आणखी चांगले सिनेमे कोणाला माहीत असतील, कुठल्याही भाषेतले, तर जरूर कळवा. मावसभावाला एकेक करून दाखवायचे आहेत.